टर्बोची शक्ती आणि धुराची मर्यादा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कोलाड येथे दिलेले भाषण)



आपल्या तरुणांच्या उद्योगांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय विस्तृत आहे. म्हणून त्यातील एकाच प्रश्नापुरते बोलतो. मुंबई–गोवा महामार्ग आपल्या कोलाडातून जातो आणि त्याच्या कडेने मोटारदुरुस्तीची गॅरेजे चालविणारे तरुण आपल्या समाजात आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात अशी कल्पना घोळत आहे की, साध्या मोटारीला बाहेरून टर्बो बसवून तिची शक्ती वाढवावी व असे किट तयार करून विकावे. कल्पना हुशारीची आहे यात शंका नाही. परंतु तिचा उत्तरार्ध अद्याप त्यांच्या ध्यानी आलेला नाही, आणि तोच मला आज सांगावयाचा आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे, मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक आहे. तथापि जे वाचले व जाणत्यांकडून समजून घेतले, तेवढे सांगतो.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एरवी वाया जातो. त्याच्या वेगाने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे अधिक इंधन जळून अधिक शक्ती मिळते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. सुकेळी खिंड चढणाऱ्या आजच्या मालमोटारींत कारखान्यातूनच टर्बो बसवलेला असतो.

मात्र कारखान्याने बसविणे वेगळे आणि मागाहून बसविणे वेगळे. हवा दाबली की तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर हवा. पेट्रोलच्या इंजिनात दाब वाढला की मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात आणि पिस्टन फुटण्याची वेळ येते. म्हणून ठिणगीची वेळ बदलावी लागते, प्रसंगी इंजिनाचे मूळ संपीडनही कमी करावे लागते. वाढलेल्या हवेला पुरेसे इंधन देणारे इंजेक्टर, टर्बोच्या दांड्याला तेल, दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणारी झडप, आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा संगणक, ही सारी मंडळी एका मताने चालली तरच गाडी टिकते.

आता उत्तरार्ध. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास एक किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास आपले काम नीट करतो. ठोके टाळण्यासाठी कारागीर इंधन वाढवितो आणि तेथेच विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. शिवाय टर्बोचे जड लोखंड वायूची उष्णता शोषून घेते. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर कन्व्हर्टर उशिरा तापतो आणि तोवर धूर तसाच बाहेर जातो. डिझेलच्या गाडीत नुसते इंधन वाढविले तर काजळी वाढते. कित्येक जण यावर उपाय म्हणून कन्व्हर्टरच काढून टाकतात. हा उपाय नव्हे; ही तर शुद्ध फसवणूक आहे.

देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ ही मर्यादा लागू झाली. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. पी.यू.सी.चे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व झाले, असे पुष्कळांना वाटते. पण ती चाचणी उभ्या गाडीची असते. चालत्या गाडीतून किलोमीटरमागे काय बाहेर पडते, ते तेथे मोजलेच जात नाही.

कायद्याचेही असेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे किट विकणारा पैसे घेऊन मोकळा होईल आणि शिक्षेची टांगती तलवार राहील गिऱ्हाइकाच्या मानेवर. आपल्या दुकानाच्या नावाला हे शोभेल काय?

मग तरुणांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. गॅसच्या किटाचे उदाहरण पाहा. नेमलेल्या संस्थेकडून चाचणी, मान्यता आणि आर.सी. बुकात नोंद, या मार्गाने त्याचा व्यवसाय देशभर उभा राहिला. कॅलिफोर्नियात तर शक्ती वाढविणाऱ्या सुट्या भागांनाही हवा मंडळाची परवानगी मिळू शकते. त्यामुळे धूर मर्यादेबाहेर जात नाही हे दाखविले की भागाला आदेशक्रमांक मिळतो. आपल्या २०१९ च्या दुरुस्तीनेही, फेरफारांच्या मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. दार अगदीच बंद नाही. पण त्यातून जाणाऱ्याच्या हाती मोजलेले आकडे हवेत. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही चाचणीसंस्था पुण्यातच आहे, म्हणजे आपल्यापासून दूर नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. किटाचा आराखडा टर्बोपासून नव्हे, तर धुराच्या नळीच्या शेवटच्या टोकापासून मांडावयास शिका. मान्यता मिळेपर्यंत ते किट सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला लावू नका. आणि मंडळाने आपल्या शिष्यवृत्तीतील काही भाग गॅरेजातील मुलांना मोजमापाचे शिक्षण देण्यासाठी राखून ठेवावा. आपल्या पूर्वजांचे हात कुशल होते. नव्या काळात कुशल हाताला मोजणाऱ्या डोळ्याची जोड हवी. महामार्गाच्या कडेने शाळेत जाणारी लेकरे आपलीच आहेत. त्यांच्या श्वासाला अपाय न करता जो शक्ती वाढवील, तोच खरा कारागीर, असे मी समजतो.