वंशावळींत नसलेली पणजी

नाशिकास, त्र्यंबकेश्वरास किंवा गयेस श्राद्धविधीसाठीं बसलेल्या गृहस्थाला उपाध्याय एकामागून एक नांवें विचारूं लागतात. बाप, आजा, पणजा येथवर उत्तर झटपट येतें. मग आई, आजी, पणजी. पणजीच्या नांवाशीं मात्र पुष्कळांची जीभ अडते. ती नेहमींच विस्मरणानें अडते असें नाहीं. कांहीं घरांत त्या नांवाच्या जागीं मुद्दाम राखलेलें मौन असतें. "ती लवकर वारली," एवढेंच पिढ्यान् पिढ्या सांगितलें जातें. आणि एखादी वृद्ध आत्या अखेरच्या दुखण्यांत हळूच सांगून जाते कीं, ती वारली नव्हती, तिची काडीमोड झाली होती.

श्रोतेहो, अशा काडीमोड झालेल्या पूर्वज-स्त्रीचें पुढें काय झालें, ती कोठें राहिली, कोणाच्या घरीं नांदली, कोणत्या गांवीं तिचा देह पडला, याचा माग जुन्या कागदपत्रांतून काढतां येतो काय, हा या भाषणाचा विषय आहे. पुष्कळ वेळां काढतां येतो, असें त्याचें उत्तर आहे. मात्र एक गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. त्या बाईचें पुढचें आयुष्य सासरच्या कागदांत शोधून सांपडत नाहीं. तें दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिलेलें असतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंदूंमध्यें घटस्फोट अलीकडच्या कायद्यांनीं आणला, अशी सुशिक्षित घरांत समजूत असते. ब्राह्मणादि कांहीं जातींपुरती ती खरी आहे. त्यांना ही वाट बडोदें संस्थानांत १९३१ सालीं, मुंबई प्रांतांत १९४७ सालीं व पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें मोकळी झाली. परंतु महाराष्ट्रांतील कित्येक शेतकरी व कारागीर जातींत काडीमोड ही रूढीनें मान्य झालेली फार जुनी गोष्ट आहे. जातीच्या पंचांपुढें काडी मोडावयाची, फारकतीचा किंवा सोडचिठ्ठीचा कागद व्हावयाचा, आणि बाईला पाट लावण्याची मोकळीक मिळावयाची, असा तो रिवाज. पहिलें तें लग्न, दुसरा तो पाट. पेशवाईंत पाटदाम नांवाचा कर घेत असत. म्हणजे पाट ही सरकारदरबारीं मोजली जाणारी उघड गोष्ट होती. लाज मागाहून आली. घरांत पैका आला, चार बुकें आलीं, शहरांत बिऱ्हाड झालें, आणि वरच्या म्हणविणाऱ्या जातींचे रिवाज उचलतांना आपल्याच आजीची काडीमोड झांकून टाकावी असें नातवांना वाटूं लागलें.

अशी बाई कागदावरून नाहींशी होण्याचें आणखी एक कारण आहे. वंशावळ हा मुळांत हक्काचा कागद. वतन कोणाचें, इनाम कोणाकडून कोणाकडे आलें, हें ठरविण्यासाठीं ती लिहिली जाई. इंग्रजी अमलांत इनामांची चौकशी झाली तेव्हां वतनदार घराण्यांनीं पुराव्यादाखल ज्या वंशावळी पुढें केल्या त्याहि अशाच. तींत बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू. बायकांना तेथें फारशी जागा नाहीं. मग घर सोडून गेलेल्या बाईला कोठून असणार? त्यांत नांवाची अडचण निराळीच. माहेरीं एक नांव, लग्नांत सासरच्यांनीं ठेवलेलें दुसरें, आणि पाटानंतर बहुधा तिसरें. नवऱ्याचें नांव व आडनांव तर बदललेंच. सासरचें नांव हातीं धरून शोध करणारा माणूस म्हणूनच पहिल्या वळणावर वाट चुकतो.

तेव्हां शोधाचें पहिलें पाऊल तिच्या माहेराकडे टाकावें. माहेरचें गांव कोणालाच आठवत नसलें तरी तें समजण्याची एक युक्ति आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपल्याकडे चाल आहे. म्हणून तिचें पहिलें मूल ज्या गांवीं जन्मलें तें गांव बहुधा तिचें माहेर असतें. हें कोठें कळेल? शाळेच्या जनरल रजिस्टरांत. गांवोगांवच्या जुन्या प्राथमिक शाळांतून हीं रजिस्टरें अद्याप जपलेलीं आहेत. त्यांत मुलाचें नांव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख व कारण असे रकाने असतात. आजोबा सासरच्या गांवचे, पण जन्मस्थळाच्या रकान्यांत दहा कोसांवरचें दुसरेंच गांव असेल, तर तें गांव टिपून ठेवावें. मुलगा मध्येंच वर्ष-दोन वर्षें शाळेंतून नाहींसा झाला असेल, तर तो आईबरोबर आजोळीं गेला होता काय, हें त्या गांवच्या शाळेंत जाऊन पाहावें. एका रजिस्टरांतून गेलेला मुलगा दुसऱ्या रजिस्टरांत सांपडला, तर काडीमोडीचें वर्षहि अदमासानें कळतें.

दुसरें साधन जन्ममृत्यूच्या नोंदींचें. गांवचा कोतवाल व पाटील यांच्या मार्फत ठेवल्या गेलेल्या या जुन्या वहीला लोक कोतवाल-बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठीं आतां पुष्कळ लोक तिच्या नकला तहसील कचेरींतून काढतात, त्यामुळें ती अपरिचित राहिलेली नाहीं. जुन्या नोंदी बहुतेक मोडी लिपींत आहेत. मोडी जाणणारा माणूस बरोबर असल्याखेरीज त्या उघडण्यांत अर्थ नाहीं. येथें दोन गोष्टी पाहावयाच्या. घरचे ज्या सुमारास ती वारली म्हणतात, त्या सुमारास सासरच्या गांवीं तिच्या मृत्यूची नोंद आहे काय? नसेल, तर तेवढ्यानें ती जिवंत होती असें सिद्ध होत नाहीं, कारण वह्या फाटल्या, वाळवीनें खाल्ल्या, नोंदी राहून गेल्या. परंतु शंकेला जागा होते. मग माहेरच्या गांवची वही पाहावी. काडीमोड झाल्यावर जी पुन्हां पाटाला उभी राहिली नाहीं, ती भावाच्या आश्रयाला राहिली असण्याचा संभव अधिक. तिचा मृत्यु तेथें बापाचें किंवा भावाचें नांव लावून नोंदलेला असूं शकतो.

तिसरें साधन जमिनीचे कागद. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली; तेव्हांपासून जमिनीच्या हक्कांत झालेला बदल फेरफाराच्या वहींत नोंदला जातो. महाराष्ट्रांतील कांहीं जिल्ह्यांचे जुने फेरफार आतां संगणकावरहि पाहावयास मिळतात. नवऱ्यानें तिला पोटगीदाखल जमिनीचा तुकडा तोडून दिला असेल तर त्याची नोंद येथें मिळूं शकते. याहून उपयोगी म्हणजे माहेरच्या जमिनीची वारसनोंद. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानंतर बाप मरण पावला, तर मुलांबरोबर मुलींचीहि नांवें वारसांत लागूं लागलीं. त्या यादींत "बहीण" म्हणून जें नांव असतें तें तिच्या शेवटच्या संसाराचें असतें: नवें नांव, नव्या नवऱ्याचें नांव, नवें गांव. ती आधींच वारली असेल तर तिच्या ठिकाणीं तिच्या मुलांचीं नांवें येतात. ज्या बाईला सासरच्यांनीं कागदावर मारून टाकलें, ती माहेरच्या सात-बाऱ्यावर मुलांबाळांसह उभी असलेली दिसते. फारकतीचा किंवा पोटगीचा कागद सरकारांत नोंदविलेला असेल, तर त्याचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरींत फी भरून घेतां येतो.

चौथें साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें. यात्रेस आलेल्याचें गांव, कुळ व बरोबरचीं माणसें त्यांत लिहून ठेवलेलीं असतात, आणि वही गांवाच्या व कुळाच्या नांवानें लावलेली असते. सासरच्या कुळाच्या पानावर ही बाई नाहीं म्हणून निराश होऊं नये. माहेरच्या कुळाचें पान काढावें. भावाबरोबर आलेली "बहीण अमुक" तेथें भेटेल. पाटाच्या घरचें गांव कळलें असेल तर तेंहि पान काढावें.

हें सारें झालें खेड्यांत राहिलेल्या बाईविषयीं. पण कित्येक जणींनीं गांवच सोडलें. कोणी मुंबईच्या गिरणींत लागल्या, कोणी गिरणकामगारांसाठीं खानावळ चालविली. शिक्षणाची वाट धरलेल्या कोणी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमांत किंवा सेवासदनांत पोंचल्या; शारदासदन १८८९ सालचें, कर्व्यांचा आश्रम १८९६ सालचा, पुण्याचें सेवासदन १९०९ सालचें. नवऱ्यापासून दूर झालेली बाई शिक्षिका, सुईण किंवा परिचारिका झाली असा संशय असेल, तर अशा संस्थांचे जुने वार्षिक अहवाल पाहण्यासारखे असतात. गोमंतकांतील घराण्यांची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगालांत १९१० सालीं घटस्फोटाचा कायदा झाला व तो गोव्यासहि लागू झाला. म्हणून तेथील शोध पंचांच्या कागदापाशीं न थांबतां नागरी नोंदणीच्या कचेरीपर्यंत नेला पाहिजे.

नवऱ्याच्या घरच्या कागदांबाहेर एका बाईचें आयुष्य केवढें मोठें असूं शकतें, याचें जगजाहीर उदाहरण डॉक्टर रखमाबाईंचें आहे. त्यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. त्यांच्या जातींत पाटाची चाल होती; त्यांच्या विधवा मातुःश्रींनीं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला होता. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. पुढें त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं दादाजींनीं दावा लावला. १८८५ सालीं तो फेटाळला गेला, अपिलांत पुन्हां उभा राहिला, आणि १८८७ च्या मार्चांत निकाल झाला कीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोगावा. तुरुंग पत्करूं, असें त्या म्हणाल्या. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला. न्यायाच्या भाषेंत हा घटस्फोट नव्हे, तडजोड. पण परिणाम तोच. दादाजींनीं दुसरें लग्न केलें.

आतां दादाजींच्या घरच्या वंशावळींत रखमाबाईंना कोणी शोधूं लागला तर त्याला काय मिळणार? त्यांचें पुढचें आयुष्य लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत आहे, सुरतेच्या इस्पितळांत आहे, राजकोटच्या जनाना इस्पितळांत आहे. १८८९ सालीं त्या विलायतेस गेल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि पस्तीस वर्षांच्या सुमारें रुग्णसेवा करून निवृत्त झाल्या. १९५५ च्या सप्टेंबरांत मुंबईस त्यांचें निधन झालें. जगाला त्या "डॉक्टर रखमाबाई" एवढ्याच नांवानें ठाऊक झाल्या. त्यापुढें नवऱ्याचें नांव लागलें नाहीं. तथापि १९०४ सालीं दादाजी वारले तेव्हां ज्या माणसाकडे नांदण्यास त्यांनीं तुरुंगाच्या भयानेंहि होकार दिला नव्हता, त्याच्या मृत्यूनंतर त्यांनीं विधवेचें पांढरें पातळ नेसावयास सुरवात केली, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे.

या शेवटच्या गोष्टींत शोधकाला एक मोठा धडा आहे. कागदावर "विधवा" असा शब्द दिसला म्हणून ती बाई नवऱ्याच्या घरीं, नवऱ्याच्या मरणापर्यंत नांदली असें समजूं नये. काडीमोड झालेल्या कित्येक जणी परगांवीं स्वतःला विधवा म्हणवीत, कारण विधवेला लोक प्रश्न कमी विचारीत. उलट, नांव जुळलें म्हणजे बाई तीच, असेंहि समजूं नये. एका गांवांत पार्वती, गंगा, काशी किती तरी असत. नांव, वय, माहेरचें गांव व मुलांचीं नांवें यांपैकीं निदान तीन गोष्टी दोन निरनिराळ्या ठिकाणच्या कागदांत जुळल्या, तरच ती ओळख पक्की धरावी. अंदाज तो अंदाज म्हणूनच लिहावा.

माग लागल्यावर एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पाटाच्या घरीं तिचीं मुलें, नातवंडें असतात. तीं आज हयात असतात. आपल्या आजीचा पहिला संसार झाला होता, हें त्यांना कदाचित् ठाऊकच नसतें. त्यांच्या दारांत जाऊन कागद फडकावण्याचा अधिकार कोणाला नाहीं. आधीं एखाद्या जाणत्या मध्यस्थाकरवीं विचारावें, आणि त्यांनीं नको म्हटल्यास परत फिरावें. जमिनीच्या वांट्याची गोष्ट तर पहिल्या भेटींत काढूंच नये. नाहीं तर नातें शोधावयास आलेला माणूस हिस्सा मागावयास आला असें होऊन बसतें.

पण स्वतःच्या घरीं मौन राखण्याचें कारण उरलेलें नाहीं. आई मेली असें सांगून वाढविलेला मुलगा म्हातारा होऊन जातो, आणि त्याची आई चार कोसांवरच्या गांवीं वीस-पंचवीस वर्षें जिवंत होती, बाजाराच्या दिवशीं कदाचित् त्याला दुरून पाहतहि होती, हें त्याच्या नातवाला एका फेरफारावरून कळतें. झालें तें फिरवितां येत नाहीं. परंतु वंशावळ नव्यानें लिहितांना पणजोबांच्या नांवाशेजारीं तिचें माहेरचें नांव, माहेरचें गांव, काडीमोडीचें वर्ष, पाटाचें घर आणि मृत्यूचें वर्ष, एवढी एक ओळ लिहितां येते. कागद सांपडले तर पांचहि गोष्टी लिहाव्या. एकच सांपडली तर ती एक लिहावी, आणि बाकीची जागा कोरी ठेवावी. "लवकर वारली" असें मात्र तींत पुन्हां भरूं नये.