गर्दी कुणाची? दिग्दर्शकाची की बायकांची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पोटगी, रेशन, कौटुंबिक हिंसा हे विषय सोडून ही आज सिनेमावर कुठे घसरली, असं काहीजणींना वाटेल. पण सासुरवास हा आपला रोजचा विषय आहे. आणि सासुरवासाच्या नावावर आपल्या मोर्च्यांना कधी जमल्या नाहीत एवढ्या बायका एका सिनेमाला जमल्या होत्या. म्हणून हे बोलणं.

१९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांची लक्ष्मी आठवा. जन्मतः आई गेली म्हणून बापाच्या लेखी ती अपशकुनी. सासरी छळ. सगळं सोसून शेवटी मरण. बायका डोळ्यांना पदर लावून थिएटरातून बाहेर पडत आणि पुन्हा दुसऱ्या बायकांना घेऊन येत. मूळ गोष्ट 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमाची, पण आपल्या बायकांना ती आपलीच वाटली.

तेच दिग्दर्शक २०२४ साली, म्हणजे ३३ वर्षांनी, 'लेक असावी तर अशी' घेऊन आले. 'माहेरची साडी'वाल्यांचा सिनेमा ही त्याची मोठी ओळख होती. पण तशी गर्दी काही झाली नाही. लगेच प्रश्न विचारला जातो: दिग्दर्शकाची जादू ओसरली का?

मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. ती गर्दी दिग्दर्शकाच्या नावावर जमलीच कधी होती? माझ्या कामात साठी-सत्तरीच्या बायका भेटतात. 'माहेरची साडी' म्हटलं की दिग्दर्शकाचं नाव एखादीलाच सांगता येतं. पण कुणाबरोबर गेलो होतो, घरी काय सांगून निघालो, हे सगळ्यांना आठवतं. एक बाई म्हणाल्या, "मला सासूच घेऊन गेली होती. दोघी शेजारी बसून रडलो. घरी आल्यावर पुन्हा तिचं तेच सुरू." यावर आम्ही सगळ्या हसलो, पण विचार करा. छळणारी आणि छळ सोसणारी एकाच बाकावर बसून एकाच लक्ष्मीसाठी रडतात, कारण सासूही कधीतरी सून होतीच. त्या काळोखात तीन तास रडायची परवानगी होती. घरात तीही नव्हती. आणि सिनेमाचं नावच असं, की त्याला जायला घरचे नाही म्हणत नसत.

छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम १९८३ सालीच आलं होतं. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या किती जणींना ते माहीत होतं? त्यांना सिनेमाने एवढंच सांगितलं, की सोसणारी ती चांगली.

मग ती गर्दी गेली कुठे? पहिलं म्हणजे, रडणं घरात आलं. १९९२ मध्ये झी टीव्ही, १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि सासू-सुनेची गोष्ट रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता फुकट दिसू लागली. दुसरं, तालुक्याच्या गावची जुनी थिएटरं एकेक करून बंद पडली. जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघणं विरळ झालं. आता मल्टिप्लेक्ससाठी शहरात जायचं, तर तिकिटात आणि गाडीभाड्यात एका मजूर बाईची दिवसाची मजुरी जाते. तिसरं, आजच्या सुनेला नुसती सोसणारी लक्ष्मी पुरेनाशी झाली आहे. हे तिसरं कारण मात्र आपल्या चळवळीच्या खात्यावर थोडंफार जमा धरायला हरकत नाही.

बायका आता थिएटरात येतच नाहीत, असं मात्र नाही. जून २०२३ अखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. लेखिका वैशाली नाईक. घरासाठी खपताना स्वतःला विसरलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. महिला मंडळंच्या मंडळं नऊवारी नेसून, गॉगल लावून आली, थिएटरात नाचली. ७५ कोटींच्या आसपास धंदा झाल्याचं छापून आलं. याच दिग्दर्शकांचा 'महाराष्ट्र शाहीर' दोनच महिने आधी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला होता. त्याला अशी रीघ लागली नव्हती. दिग्दर्शक तोच, वर्ष तेच. नाव गर्दी ओढत असतं तर दोन्हीकडे ओढलं असतं.

या सिनेमावरही आपले आक्षेप आहेत. मंगळागौर हा काही सगळ्या जातींचा सण नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं घर त्यात नाही. पण १९९१ मध्ये बायका एका बाईचं मरण बघायला जमल्या होत्या आणि २०२३ मध्ये सहा बायकांचं हसणं-भांडणं बघायला. हा फरक लहान समजू नका.

तेव्हा सिनेमाने किती कोटी कमावले हे निर्माते मोजतील. आपण वेगळं मोजायला हवं. आपल्या गटातल्या किती जणी गेल्या वर्षभरात स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पैशाने घराबाहेर करमणुकीला गेल्या? पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने हे विचारून यावं. शक्य तिथे बचत गटाने दुपारचा एक खेळ ठरवून एकत्र बघावा, मुलं सांभाळायला नवऱ्यांना सांगावं आणि खेळ संपल्यावर तासभर बोलावं: ही बाई का सोसते? तिला कोण अडवतं? तिच्या जागी आपण काय केलं असतं? २००५ चा कौटुंबिक हिंसाविरोधी कायदा आपण शिबिरात समजावतो तेव्हा बायका गप्प बसतात. पडद्यावरच्या बाईबद्दल मात्र त्या भरभरून बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःवर येतात. तिथून संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचा रस्ता दाखवणं, हे आपलं काम आहे.