हातातला पेला

गझल लिहिणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, सुचतं कसं? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, घेता का? मी घेत नाही असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मग तुमच्या शेरांत साकी आणि मयखाना आला कुठून? तो आला फारसीतून, उर्दूतून. माधव ज्यूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा मराठी वाचकाचीही त्याच्याशी चांगली ओळख झाली. शब्द उसने मिळतात, त्यासाठी बाटली विकत घ्यावी लागत नाही. पण आज कविता बाजूला ठेवू.

कविसंमेलन संपलं की कुणाच्या तरी घरी बैठक बसते. घेणाऱ्यांची सरबराई रीतसर असते: जाड बुडाचे पेले, बर्फ, सोडा, शेंगदाणे. न घेणाऱ्याच्या हाती गोड रंगीत पाण्याची बाटली दिली जाते, पाहुण्यांच्या पोराला द्यावी तशी. मला त्याची सवय झाली आहे. पण आमच्या भिवंडीत माझे एक शेजारी आहेत, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बरीच वर्षं प्यायले आणि मग हिमतीनं सोडली. ते एकदा म्हणाले, "भाई, तलफ दिवसा नाही येत. संध्याकाळी चार माणसांत बसलो की हात रिकामा राहतो, आणि तो हातच छळतो." तेव्हापासून या पेल्याचा मी जरा गंभीरपणे विचार करू लागलो.

अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रानं १८०६ साली कॉकटेलची व्याख्या छापली होती: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. व्हिस्कीचं सर्वांत साधं, चमच्यानं ढवळून केलेलं कॉकटेल आजही याच चार गोष्टींचं असतं. वर संत्र्याची साल पिळतात, एवढंच. यातलं मद्य काढलं तर उरलेलं सगळं आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गंमत म्हणजे व्हिस्की आणि पुदिन्याचं जे 'जुलेप' अमेरिकेत प्रसिद्ध आहे, त्याचं नाव मूळ फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, यावरून गेलं. तेव्हा आपण फक्त आपली वस्तू परत आणतो आहोत.

व्हिस्कीचा तुरटपणा चहातून मिळतो. भुकटी नको, पानांचा चहा घ्या. कपभर उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकून चार मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. तो आपोआप निवू द्या. गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवलात तर गढूळ होईल. पाच-सहा आमसुलं अर्धा कप कोमट पाण्यात तासभर भिजवा, ती आंबटपणा देतील. गूळ आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करून ठेवा. थंड पाण्यात गुळाचा खडा टाकून ढवळत बसणं व्यर्थ आहे, तो तळाशीच राहतो. आता राहिला घशातला चटका. तो आल्याच्या रसाचे सात-आठ थेंब आणि दोन ठेचलेले मिरीदाणे बरोबर देतात. आमच्या जॉबरसाहेबांना चार दाणे लागतात. बाजारात 'बिटर्स' नावाची छोटी बाटली मिळते, ती मात्र टाळा. त्यात सहसा मद्यच असतं, आणि सोडलेल्या माणसाच्या पेल्यात ते नकळत पडणं बरं नाही.

मोठ्या भांड्यात चहा चार भाग, आमसुलाचं पाणी एक भाग, गुळाचा पाक एक भाग घ्या. आलं-मिरी घाला, मूठभर बर्फ टाका आणि लांब दांड्याच्या चमच्यानं अर्धा मिनिट सावकाश ढवळा. घुसळू नका. घुसळल्यानं हवा शिरते, फेस येतो, रंग मळतो. लस्सीला ते शोभतं, याला नाही. ढवळताना दोन कामं एकदम होतात. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ऐंशी कॅलरी उष्णता शोषतो, म्हणून पेय गार होतं. आणि वितळलेलं पाणी त्याचा तिखटपणा निववतं. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे. व्याख्येतला तिसरा घटक तोच. फार वेळ ढवळलंत तर मात्र चव पातळ होते, म्हणून अधूनमधून चाखून बघा.

मग जाड पेल्यात बर्फाचा एक मोठा खडा ठेवून वर गाळा. मोठा खडा हळू वितळतो. नागपुरी संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा पेल्यावर धरून दुमडा. सालीतलं तेल बारीक फवाऱ्यासारखं उडतं आणि पहिला वास त्याचाच येतो. रोजा सोडायला मात्र हे पेय घेऊ नका. रिकाम्या पोटी इतका कडक चहा सोसत नाही, तिथे खजूर आणि पाणीच बरं. रात्री लवकर झोपणाऱ्यांनीही चहा निम्मा करावा.

रंग तांबूस-तपकिरी, बर्फ किणकिणतो, घोट लहान लहान घ्यावा लागतो. बैठकीत हे देताना वेगळा पेला काढू नका. सगळ्यांना जो दिला त्यातच द्या, आणि त्यात काय आहे ते मोठ्यानं सांगू नका.