६/६ दृष्टी आणि शिणलेले डोळे



मारेगाव तालुक्यातील अनेक तरुण पदवीनंतर वणी, यवतमाळ वा नागपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी राहतात. अभ्यासिकेत दोन तास होतात न होतात तोच काहींना अक्षरे धूसर दिसतात, एका ओळीच्या दोन होतात, कपाळ ठणकू लागते. नंबर तपासावा तर दृष्टी ६/६! मग घरची मंडळी आळसाचा शिक्का मारून मोकळी होतात. हा शिक्का अन्यायाचा आहे. ६/६ हा निकाल सहा मीटरवरील अक्षरांचा. हातातील पुस्तकाचा नव्हे.

जवळचे वाचताना डोळ्यांस दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावून भिंग फुगीर करतो, आणि दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात. यांपैकी एकही काम दुर्बळ झाले, की सुईत दोरा ओवताना क्षणभर पडणारे श्रम त्या तरुणास ओळीओळीला पडतात. तमिळनाडूतील शाळकरी मुलांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरी व ग्रामीण दोन्ही भागांत सुमारे ३० टक्के मुलांत असे दोष आढळले.

उपचारात प्रथम डोळ्यांत औषध घालून लपलेला नंबर शोधतात. अधिक नंबर थोडा असल्यास तरुण डोळा ताण सोसून तो झाकतो. पुष्कळदा चष्म्यानेच भागते. उलट स्नायू आखडलेला असेल तर लांबचे धूसर दिसते आणि औषध न घालता तपासल्यास नको असलेला उणे नंबर माथी बसतो. बुबुळे वळण्याची शक्ती कमी असल्यास व्यायाम हा मुख्य उपाय. पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा घरगुती व्यायाम सर्वश्रुत आहे. परंतु अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, १९ ते ३० वयाच्या ४६ जणांवरील चाचणीत त्रास सर्वच गटांत काहीसा घटला, तरी वळण्याच्या शक्तीत खरी सुधारणा दवाखान्यात तज्ज्ञांसमोर व्यायाम करणाऱ्यांतच दिसली. चाचणी लहान होती, हेही खरे.

निळा प्रकाश अडविणाऱ्या काचांचा बाजारात मोठा गवगवा आहे. २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र पडताळल्या गेल्या. साध्या काचांपेक्षा त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, असे दिसले नाही. लेबल पाहून कापड घेऊ नये, तसेच हे. पडद्यासमोर पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी दूर पाहणे, हेतुपूर्वक पापण्या मिटणे यास पैसा लागत नाही.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्राम येथे नेत्रतज्ज्ञांकडे जाताना केवळ ‘नंबर पाहा’ म्हणू नये. ‘वाचताना त्रास होतो, जवळची नजर तपासा’ असे स्पष्ट सांगावे. मात्र एकाएकी दोन-दोन दिसू लागले वा पापणी खाली पडली, तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.