विनोदी हेरपट आणि नजरेआडची माणसे



गुप्तहेराच्या कथेतील वेषांतर, पाठलाग, सांकेतिक निरोप ही सारी सामग्री घेऊन त्याच सामग्रीची टर उडवणारा चित्रपट म्हणजे विनोदी हेरपट. अशा चित्रपटात कोणत्या समाजगटाची माणसे कोणत्या नात्याने पडद्यावर येतात, म्हणजेच प्रतिनिधित्वाचा प्रश्न, पात्रांची मोजदाद करून सुटत नाही. हसू कोणाच्या दिशेने वळवले आहे, हे त्यासाठी पाहावे लागते.

हेरगिरीचे शास्त्र मुळात उपेक्षितांच्या भरवशावर उभे आहे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त बड्या अधिकाऱ्यांच्या घरातील बातमी काढण्यासाठी कुबडे, बुटके, मुके, बहिरे, आंधळे यांची सोंगे घेतलेली माणसे, नट, नर्तक, गायक आणि स्त्रिया यांची योजना सांगितली आहे, कारण अशांसमोर बोलताना कोणी आवाज खाली आणत नाही. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्या लोककथांतही हीच युक्ती आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघरात वाढलेल्या रजनी पंडित यांनी खासगी गुप्तहेर म्हणून मोलकरणीच्या वेषात केलेले काम सर्वश्रुत आहे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील ज्या संकुलांत कामवाल्या बायकांची फाटकावर रोज नोंद होते आणि काही ठिकाणी त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी असते, तेथे कोणत्या घरात काय शिजते याची खबर त्या बायकांनाच सर्वांत आधी असते, हे आपल्या पटकथाकारांच्या ध्यानात अद्याप कसे आले नाही, याचे नवल वाटते.

पॉल फीग यांच्या 'स्पाय' (2015) या चित्रपटात दुर्लक्षित माणसाचे हे बळ नेमके हेरले आहे. सुझन कूपर ही गुप्तहेर संस्थेत मेजावर बसून देखण्या सहकाऱ्याला कानात सूचना देणारी, कर्तबगार पण दुर्लक्षित बाई. तिला कामगिरीवर धाडताना वरिष्ठ घटस्फोटित गृहिणीचे सोंग देतात आणि हत्यारे देतात ती मूळव्याधीच्या पुसण्या नि बुरशीवरचा फवारा यांच्या रूपात. प्रेक्षक हसतो, परंतु ते हसू बाईच्या अंगलटीवर न थांबता असे सोंग ठरवणाऱ्यांच्या कल्पनादारिद्र्यावर जाते. मिशेल हाझानाविसियूस यांच्या 'ओएसएस 117' (2006) या फ्रेंच चित्रपटाचीही तीच जात आहे, कारण 1955 च्या कैरोत वावरणारा त्यातील हेर इजिप्तच्या माणसांना तुच्छ लेखतो आणि त्यामुळे क्षणोक्षणी स्वतःच हास्यास्पद ठरतो.

आपल्याकडे पाहिले तर मराठी माणूस हिंदी पडद्यावर बराच काळ हवालदार नाही तर मोलकरीण म्हणून आला, आणि त्याच्या बोलण्याचा हेल एवढाच विनोद पुरेसा मानला गेला. दादा कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'पांडू हवालदार' (1975) मध्ये त्याच हवालदाराला नायक केले, ही साधी गोष्ट नव्हे. विजू माने यांच्या 'पांडू' (2021) मध्ये डोंबिवलीकर म्हणून ओळखले जाणारे भाऊ कदम त्याच वर्दीत दिसले. हे दोन्ही पोलिसपट आहेत, हेरपट नव्हेत, आणि त्यांतील सारेच विनोद आज पचतील असेही नाही. तरी खाकीतल्या सामान्य माणसाला कथेच्या मध्यभागी आणण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

2019 मध्ये सुरू झालेली 'द फॅमिली मॅन' ही मालिका चित्रपट नसली तरी या चर्चेत तिला वगळता येत नाही. दहशतवादाशी झुंजणारा श्रीकांत तिवारी घरी बायकोची बोलणी खातो. पत्नी सुचित्रा तमिळ आहे, आणि शारिब हाश्मी यांनी साकारलेला त्याचा सहकारी जे. के. तळपदे हा मराठी आहे. तळपदेची थट्टा होते, परंतु ती त्याच्या मराठीपणाची होत नाही, आणि गोळीबाराच्या वेळी तो कोणाहून कमी पडत नाही. ही प्रगती निश्चितच आहे. मात्र दुसऱ्या पर्वातील तमिळ बंडखोरांच्या चित्रणावर तमिळनाडूत तीव्र आक्षेप घेतले गेले, म्हणजे एका भाषकाला मिळालेला न्याय दुसऱ्याला आपोआप मिळतोच असे नाही. शिवाय तळपदेची जागा अखेर नायकाच्या शेजारचीच राहते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एकांकिका लिहिणारी आणि करणारी मुले थोडी नाहीत. त्यांनी हा प्रकार हाती घ्यावा, त्यात कामवाली बाई, फाटकावरचा परप्रांतीय रखवालदार, लोकलमधला अंध विक्रेता यांना हेर करावे, आणि तळपदेला एकदा तरी नायकाच्या खुर्चीत बसवावे, एवढीच या व्यासपीठावरून विनंती आहे.