दूरध्वनीवरील वैद्य आणि घरातील गर्भिणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला सभेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विषयही त्यांनी माझ्यावरच सोपविला, आणि मी करोनाच्या महासाथीत गर्भिणींची देखभाल कशी झाली हा विषय घेतला. साथ सरली, आता ती कथा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दूरध्वनीवरून वा मोबाईलच्या पडद्यावरून वैद्याचा सल्ला घेण्याची जी रीत त्या काळात आपल्या घरांत शिरली, ती साथीबरोबर परत गेलेली नाही. तेव्हा तिच्यापासून लाभ कोणता आणि धोका कोणता, हे लेकी-सुना असलेल्या प्रत्येक घराने जाणून घेणे अगत्याचे आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आगगाड्या थांबल्या, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी जावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. ओटी भरून निघण्याच्या बेतात असलेल्या कित्येक मुली सासरीच अडकल्या. प्रसूतिगृहात नाव नोंदविलेले एका गावी आणि मुलगी दुसऱ्या गावी, अशी स्थिती झाली. त्यातच मोठमोठी रुग्णालये साथीच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आली. मुंबईचे नायर रुग्णालय हे त्यांपैकीच एक. तेथील डॉक्टरांनी व परिचारिकांनी शेकडो करोनाबाधित मातांची बाळंतपणे केली, याचा उल्लेख कृतज्ञतेने करावयास हवा. मात्र जिला बाधा झालेली नव्हती, तिला तपासणीसाठी रुग्णालयाची पायरी चढण्याचीच धास्ती वाटू लागली. गर्भिणींना लस देण्यास आपल्या सरकारने अनुमती दिली ती २ जुलै २०२१ रोजी. तोवर ती धास्ती निराधार होती असेही म्हणता येत नाही.

टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी केंद्र शासनाने टेलिमेडिसिनविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत डॉक्टरने दुरून सल्ला कसा द्यावा, कोणती औषधे लिहून द्यावीत, कोणती मुळीच लिहू नयेत, हे त्यांत सांगितले होते. १३ एप्रिल २०२० पासून 'ई-संजीवनी ओपीडी' ही सेवा सुरू झाली आणि घरबसल्या शासकीय डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. खाजगी डॉक्टर तर व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाहून सल्ला देऊ लागलेच होते.

आता प्रश्न असा की, गर्भिणीची तपासणी दुरून कितपत होऊ शकते? मळमळ, पित्त, कंबरदुखी, लोहाच्या गोळ्यांनी होणारा बद्धकोष्ठ, आहार, झोप यांविषयीचा सल्ला दुरून उत्तम देता येतो. रक्ताचा व सोनोग्राफीचा अहवाल वाचून दाखविता येतो. मनाला धीर देता येतो, आणि त्या दिवसांत त्याचे मोल फार मोठे होते. परंतु रक्तातील हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिन, साखरेची तपासणी, धनुर्वाताची सुई, अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास गर्भातील व्यंग पाहणारी सोनोग्राफी, यांपैकी काहीही तारेवरून होत नाही. त्यासाठी घराबाहेर पडावेच लागते. साथीतही पडावे लागत होते.

या साऱ्यांत रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यावर मी थोडी अधिक रेंगाळणार आहे. विसाव्या आठवड्यानंतर काही गर्भिणींचा रक्तदाब वाढू लागतो व लघवीतून प्रथिन जाऊ लागते. आरंभी तिला काहीच जाणवत नाही, हेच या विकाराचे कपट आहे. ती हसतखेळत घरात वावरते आणि "मी बरी आहे" असे फोनवर सांगते. ते खोटे नसते. पुढे डोके सडकून दुखू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ येते. आणि वेळीच उपाय न झाला तर झटके येऊन माता व मूल दोघेही संकटात सापडतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळविले पाहिजे. १६०/११० भरला, तर फोनवर बोलत न बसता थेट रुग्णालय गाठले पाहिजे. आवाज ऐकून हा आकडा कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. मात्र दंडाला पट्टा बांधून आकडा दाखविणारे यंत्र घरी असेल, तर तो घरीच मोजता येतो.

परदेशचा अनुभव हेच सांगतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या मोनॅश आरोग्यसेवेने २०२० मध्ये गर्भिणींच्या जवळजवळ निम्म्या भेटी दुरून केल्या, आणि रक्तदाब घरी मोजण्याची व्यवस्था त्यासोबत ठेवली. वीस हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबाचा विकार किंवा गर्भाची खुंटलेली वाढ ओळखण्यात या पद्धतीने उणेपणा आलेला दिसला नाही. याच्या उलट, त्याच वर्षी सतरा देशांतील चाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साथीच्या काळात मृतजन्मांचे आणि मातामृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. आणि मातामृत्यूंची वाढ प्रामुख्याने ज्या देशांत साधने तुटपुंजी तेथे. दूरच्या सल्ल्यामागे घरची मोजणी आणि रुग्णालयाचे उघडे दार असेल, तरच त्याला अर्थ आहे, असे माझे मत या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून झाले आहे.

आता थोडे कटू बोलते. राग मानू नये. फोन वाजतो, तो घेतो कोण? डॉक्टर विचारते, "बाळाची हालचाल कशी आहे?" आणि उत्तर येते पुरुषाच्या आवाजात, "ठीक आहे, मॅडम." किंवा सासूबाई सांगतात, "आमच्या वेळी एवढी विचारपूस नव्हती, सगळं व्यवस्थित आहे." जिच्या उदरात मूल हालते ती मागे स्वयंपाकघराच्या दाराशी उभी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतःच्या वापरासाठी मोबाईल असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे ५४ टक्के भरले. उरलेल्या स्त्रियांच्या बाबतीत 'घरी फोन आहे' याचा अर्थ नवऱ्याचा वा सासऱ्यांचा फोन आहे, एवढाच. केंद्राच्या तत्त्वांतही, प्रौढ रुग्ण स्वतः समोर नसताना नातेवाइकाला तिच्या वतीने सल्ला घ्यायचा असेल तर तसा अधिकार किंवा पडताळलेले नाते असावे, असे सांगितले आहे. तो नियम कोणाच्या घरी कोणी वाचला?

काही गोष्टी अशा असतात की त्या सुनेला सासऱ्यांच्या देखत उच्चारता येत नाहीत. अंगावरून रक्त किंवा पाणी जाते आहे, रात्री रडू येते, घरात हात उगारला जातो. दवाखान्यात पडदा ओढून डॉक्टर तिला एकटीला विचारू शकत असे. फोनने तो पडदाच काढून घेतला. तो परत लावणे घरच्या माणसांच्याच हाती आहे: फोन तिच्या हातात द्यावा, खोलीचे दार लोटून घ्यावे आणि दहा मिनिटे बाहेर बसावे. यात वडीलधाऱ्यांचा अवमान यत्किंचितही नाही. आमच्या बाजूनेही एक पथ्य आहे: फोन लागताच प्रथम तिलाच बोलवावयास सांगावे आणि "आता तू एकटी आहेस ना?" असे विचारून मग पुढे जावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. निधीतून रक्तदाबाची चार यंत्रे घ्यावीत आणि ज्या घरी गर्भिणी असेल त्या घरी ती प्रसूतीपर्यंत वापरावयास द्यावीत. देताना कार्यकर्तीने मोजण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी: पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचे नाही. आकडा तारखेसह वहीत उतरवावा. पट्टे मात्र दोन मापांचे घ्यावेत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा असतो त्यापेक्षा अधिक दिसतो आणि घर विनाकारण घाबरते.