हिरवळीचें पंचांग

घरापुढें दहा-पांच पावलांची कां होईना, पण हिरवळ असावी, ही हौस शहरांतील पुष्कळ कुटुंबांत आढळते. आजोबांनीं सकाळीं तिच्यावरून अनवाणी फिरावें, मुलांनीं संध्याकाळीं लोळावें आणि आल्यागेल्यानें खुर्ची टाकून चार घटका बाहेर बसावें, एवढीच ह्या हौसेची मागणी असते. पहिल्या पावसाळ्यांत ती पुरीहि होते. परंतु दिवाळी सरली कीं हिरवळीवर पिवळे डाग पडूं लागतात. शिमग्याच्या सुमारास जमिनीला भेगा दिसतात. आणि वैशाखांत घरधनी व माळी ह्यांच्यांत पाण्यावरून बोलाचाली सुरू होते. पुढें माळी बदलतो, खत बदलतें, गवताची जातहि बदलते. बदलत नाहीं तें एवढेंच, कीं त्या हिरवळीचा सारा दिनक्रम परक्या हवामानाच्या हिशेबानें चाललेला असतो.

बंगल्यापुढील कातरलेल्या हिरवळीची चाल इकडे आली ती इंग्रजांबरोबर. लंडन शहराला वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस मिळतो. पुण्याला ७०० मिलिमीटरांहून थोडा अधिकच. तेव्हां पाऊस पुण्याला कमी आहे, असें नाहीं. परंतु लंडनचा पाऊस बाराहि महिन्यांत थोडा थोडा वांटलेला असतो, आणि पुण्याचा बहुतेक सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत उरकतो. म्हणून तिकडचें गवत वर्षभर हिरवें राहूं शकतें. इकडच्या गवतानें चार महिने भरपेट जेवावें आणि उरलेले आठ महिने जपून राहावें, अशीच निसर्गाची योजना आहे. हिरवळीची निगा म्हणजे ह्या योजनेला हातभार लावणें.

प्रथम मातीचा विचार करावा. दख्खनच्या पठारावरील काळी माती काळ्या फत्तराच्या झिजेपासून बनलेली आहे. ती पाण्यानें फुगते आणि वाळली कीं आकसते. भेगा पडतात त्या ह्यामुळेंच. ती पाणी सांठवून ठेवते खरी, पण आंत घेते फार सावकाश. म्हणून ह्या जमिनींत गवत पावसाळ्यांत गुदमरतें आणि उन्हाळ्यांत त्याचीं मुळें तुटतात. ह्यावर उपाय म्हणून कित्येक जण चार पोतीं वाळू मिसळतात. चिकण मातींत थोडी वाळू घातल्यानें ती भुसभुशीत न होतां उलट विटेसारखी घट्ट बसते. त्यापेक्षां खालीं मुरुमाचा थर देऊन पाण्याला वाट करून द्यावी, वर सहा ते आठ इंच पोयटा व चांगलें कुजलेलें शेणखत घालावें आणि सर्व जागेला घरापासून दूर जाणारा किंचित् उतार ठेवावा. नव्या घराच्या अंगणांत बहुधा बांधकामाचा राडारोडा गाडलेला असतो. तो खणून काढल्यावांचून पुढचें सारें श्रम व्यर्थ होत.

दुसरा विचार गवताचा. पठारावरच्या उघड्या उन्हांत हरळीसारखें दुसरें विश्वासू गवत नाहीं. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच, आणि उंसाच्या मळ्यांत शेतकरी जिला उन्हाळ्यांत खणून खणून दमतो, तीहि हीच. तिचीं कांडीं जमिनीवरून धांवतात, तशींच जमिनीखालूनहि पसरतात. वरचें पान जळालें तरी खालचें कांडें जीव धरून राहतें. शेतकऱ्याचा जो वैताग, तोच हिरवळ करणाऱ्याचा आधार. सुमारें २७ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेंत ती जोमानें वाढते, थंडींत मंदावते. तिला सावली मात्र सोसत नाहीं. आंब्याच्या दाट छायेंत हरळी लावून दर वर्षीं हळहळण्यापेक्षां तेथें फरशी बसवावी अथवा सावलींत वाढणारीं झुडपें लावावीं. थंड देशांतील गवतांच्या बियांचीं पुडकीं हिंवाळ्यांत डोळ्यांना सुख देतात आणि चैत्राच्या उन्हांत नाहींशीं होतात.

कोंकणची गोष्ट थोडी निराळी. तेथें जांभ्याची आम्ल माती आणि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पाणी झटकन् निचरून जातें व जातांना अन्नांश घेऊन जातें. म्हणून खत थोडें थोडें व अनेक वेळां द्यावें. रुंद पानाचें कार्पेट-गवत तेथील आम्ल माती व थोडी सावली सहन करतें; हरळीचा हट्ट तेथें धरूं नये.

आतां पठारावरील वर्षाचें पंचांग पाहूं गेल्यास त्याचा आरंभ गुढीपाडव्याला न होतां मृगाला होतो. जमीन वैशाखांतच खणून, तापवून तयार ठेवावी. पहिल्या वळवानें तणाचे जे कोंब येतील ते लागवडीपूर्वींच उपटून काढावे. मृगाचा पाऊस स्थिरावला कीं हरळीचीं मुळासकट कांडीं तीन ते चार इंचांच्या अंतरानें टोंचावीं. आर्द्रा-पुनर्वसूंत तीं एकमेकांस मिळतात.

ह्याच दिवसांत हुमणीचे भुंगेरे जमिनींतून निघतात आणि तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर बसतात. त्या वेळीं फांद्या हलवून ते खालीं पाडून गोळा केले, तर श्रावण-भाद्रपदांत मुळें खाणाऱ्या अळ्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. हिरवळीचा पिवळा तुकडा सतरंजीसारखा अलगद उचलला गेला, तर खालीं हुमणी आहे असें समजावें. अर्धकच्चें शेणखत हिला आमंत्रणच देतें.

श्रावणांत गवत आठवड्यागणिक कापावें लागतें. एका वेळीं पानाच्या उंचीचा एकतृतीयांशापेक्षां अधिक भाग कधींहि कापूं नये. एक ते दीड इंच उंची पुरेशी आहे. ओल्या काळ्या जमिनीवर यंत्र अथवा रूळ फिरवणें हा मोठा अपराध होय. एका फेरींत जमीन अशी दबते, कीं हवा व पाणी दोन्ही मुळांशीं पोंचत नाहींत. लव्हाळ्याचें तण ह्याच वेळीं माजतें. त्याची पात वरून उपटणें म्हणजे त्याची हजामत करणें. खालच्या गांठी खुरप्यानें खोल खणून काढल्यावांचून तो जात नाहीं, आणि एक गांठ राहिली तरी तो परत येतो.

हस्ताचा पाऊस संपतां संपतां खताचा हप्ता द्यावा. काळी माती चुनखडीची व अल्कधर्मी असल्यामुळें अमोनियम सल्फेट तिला मानवतें. दर चौरस मीटरला २० ग्रॅम पुरे, व लगेच पाणी द्यावें. खत देऊनहि पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा दिसला, तर उणीव नत्राची नसून लोहाची असते. लोह मातींत असतें, परंतु चुनखडीमुळें मुळांना तें घेतां येत नाहीं. अशा वेळीं लिटरभर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावा.

आश्विनाच्या उन्हांत पाणी देण्यास आरंभ होतो. रोज शिंतोडे उडवल्यानें मुळें वरच्या वरच राहतात व पहिल्या उन्हाच्या झळेनें होरपळतात. पाणी सकाळीं, खोलवर आणि अंतरानें द्यावें. खुरपें चार इंच खोल रोवून माती पाहावी. ओलसर असेल तर झारीला हात लावूं नये. मात्र भेगा रुंदावूं देऊं नयेत, कारण पुढें दिलेलें पाणी भेगांतून तळाशीं निघून जातें. पौषांत गवत मंद होतें. त्याला खताचा चाबूक मारूं नये. माघ-फाल्गुनांत वाळलेला थर दांताळ्यानें हलकेच ओढून काढावा व चाळलेलें कुजलेलें खत पातळ पसरावें.

आणि मग तो वैशाख येतो, ज्याच्यावरून सारा वाद. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हांत हिरवळ हिरवीगार राखण्यासाठीं दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलें, तर शंभर चौरस मीटरांच्या तुकड्याला रोज ५०० लिटर लागतात. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना भारतांत माणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरतात. म्हणजे ती हिरवळ जवळजवळ चार माणसांचें पाणी पिते, आणि तेंहि अशा दिवसांत, कीं जेव्हां धरणांचे तळ दिसूं लागलेले असतात व वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जात असते. १९७२ चा दुष्काळ ज्या घरांनीं पाहिला, त्यांना ह्या हिशेबाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं.

घरांतील सांडपाणी हिरवळीला द्यावें, ही सूचना चांगल्या हेतूनें केली जाते. पण ती अर्धीच खरी आहे. भाज्या-तांदूळ धुतलेलें पाणी अवश्य द्यावें. कपड्यांच्या साबणाच्या पाण्यांत मात्र सोडियमचे क्षार असतात. ते काळ्या मातीची घडी मोडतात, आणि दोन-तीन वर्षांत ती जमीन पाणी पीतच नाहीं.

तेव्हां शहाणपणाचा मार्ग एकच उरतो, आणि तो हरळीनेंच दाखवलेला आहे. चैत्र-वैशाखांत तिला निजूं द्यावें. कापणी थांबवावी, खत बंद करावें, वावर कमी ठेवावा, आणि पंधरा दिवसांनीं एकदां मुळांपर्यंत पोंचेल एवढें पाणी द्यावें. एका वेळीं २५ मिलिमीटर धरलें, तरी शंभर चौरस मीटरांना पंधरवड्याला २,५०० लिटर लागतात. रोजच्या पाण्याचा हिशेब त्याच काळांत ७,५०० लिटरांवर जातो. हिरवळ तपकिरी दिसेल. तिला मेली असें समजून खणून काढण्याची घाई करूं नये. जमिनीखालचें एक कांडें काढून मोडावें. तें पांढरें, रसरशीत व कडक असेल, तर हिरवळ जिवंत आहे. तपकिरी व पोकळ असेल, तेवढ्याच जागीं मृगांत नवें कांडें लावावें.

वैशाखांतली तपकिरी हिरवळ ही घरधन्याची नामुष्की नव्हे, माळ्याचा आळस नव्हे आणि मातीचा दोषहि नव्हे. ती त्या भूमीची विश्रांती आहे. त्या दोन महिन्यांत मुलांनीं ओटीवर खेळावें व आजोबांनीं चपला घालून फिरावें. मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर थोड्याच दिवसांत त्या तपकिरी अंगणांत हिरवे कोंब दिसूं लागतील. आणि त्यांसाठीं कोणाच्या घागरींतलें पाणी घ्यावें लागलें नाहीं, हें समाधानहि त्यांच्याबरोबर येईल.